नाशिकची शिराझ आणि सावजी : जमते का?

खामल्याचा_सुमित
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी घरी पाच-सहा जण जेवायला आहेत, मटण सावजीच करणार (मसाला आईच्या हातचा, पाकिटातला नाही) आणि बायकोचा भाऊ नाशिकहून येताना शिराझच्या (तिकडची रेड वाइन) दोन बाटल्या आणतोय. एक साधी, एक रिझर्व, म्हणजे जरा वरची. तो या शिराझबद्दल इतकं बोलतो इतकं बोलतो की मला आता उत्सुकतेपेक्षा टेन्शनच जास्त आलंय. मी आजवर रेड वाइन म्हणून जे काही प्यायलोय ते कुणाच्या तरी रिसेप्शनला, प्लास्टिकच्या ग्लासात, अन् खरं सांगायचं तर तोंड आखडलं याशिवाय काही आठवत नाही. तर प्रश्न दोन. नाशिकच्या या रेडमध्ये असं आहे काय, आणि सावजीपुढे ती टिकेल का की सरळ बिअर आणून ठेवू? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

बे_एकबे
काहून वाइनच्या भानगडीत पडून राहिला भाऊ. सावजी खाल्ल्यावर नाक गळालं पाह्यजे, कान गरम झाले पाह्यजे, त्याच्यावर थंडी बिअर नाहीतर मठ्ठा, विषय संपला. वाइन पिऊन सावजी खाणारा माणूस म्या नागपुरात आजवर पाह्यला नाही. पण धागा मस्त आहे, खुर्ची टाकून बसलो.

इतवारीचा_खवय्या
मले तर रेड वाइन मंजे ती गोड पोर्ट माहीत आहे, गोव्याहून येताना सगळे आणतात ती. ती सावजीसोबत एकदा घेतली होती, सरबत अन् तर्री एकाच वेळी प्यायल्यासारखं झालं. शिराझ पण तशीच गोड असते का?

रामदासपेठी
इतवारी, नाही हो. ती आपल्याकडची पोर्ट हा वेगळाच प्रकार आहे, गोड अन् जरा दणकट. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दूरो खोऱ्यात होते, तिथे रस आंबत असताना मध्येच द्राक्षाची स्पिरिट टाकून आंबणं थांबवतात म्हणून साखर शिल्लक राहते. शिराझ कोरडी असते, म्हणजे जवळपास सगळी साखर आंबून गेलेली.

सुमित, आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर तुमच्या मेहुण्याला आवडणार नाही. मी नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं बाहेर होतो, फ्रान्सात ल्योंच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठाने जी उभी चढणीची गावं आहेत, कोत-रोती, एर्मिताज, तिथली सिरा प्यायलोय. सिरा आणि शिराझ एकच द्राक्ष. १९९८ साली डीएनए तपासून सिद्ध झालं की दुरेझा आणि मोंदूझ ब्लाँश या दोन फ्रेंच जातींचं ते पोर आहे, त्यामुळे इराणच्या शिराझ शहरातून आलं वगैरे कथा विसरा. तिकडची सिरा म्हणजे मिरी, धुरावलेलं मांस, जांभळट फुलांचा वास, आणि जिभेवर एक ताठ आंबटपणा. आपल्या नाशिकमध्ये ऊन इतकं की द्राक्ष पिकतंच पिकतं, त्यामुळे फळ भरपूर पण ताठपणा कमी. मला ती वाइन वाईट वाटत नाही, पण आपली आहे म्हणून आपण तिला वीसपैकी पाच मार्क जास्तीचे देतो असं माझं स्पष्ट मत आहे.

निफाडची_लेक
काका, पाच मार्क कापायच्या आधी जरा आमच्याकडच्या बागेत फिरून या 🙂

मी मूळची निफाड तालुक्यातली, लग्न होऊन नागपूरला आले. बाबांची थॉमसन आणि सोनाका या खायच्या द्राक्षांची बाग होती आणि काही वर्षं दोन एकर वाइन द्राक्ष पण होतं, त्यात शिराझच. त्यामुळे पिण्यापेक्षा पिकवण्याबद्दल जास्त सांगू शकते.

ऊन भरपूर हे खरं, पण अर्धंच खरं. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, नागपूर २१ वर, म्हणजे नकाशात जवळजवळ एकाच रेषेत. जगातल्या नावाजलेल्या वाइनच्या बागा ३० ते ५० च्या पट्ट्यात असतात. पुस्तकाप्रमाणे आमच्याकडे वाइन व्हायलाच नको. होते ती उंचीमुळे, नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, नागपूर तीनशेच्या. आणि वेळेमुळे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आमचा वेल झोपतच नाही, म्हणून त्याला कात्रीने शिस्त लावावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती फक्त काडी तयार व्हायला. मग पावसाळा जाऊ द्यायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून फळ येतं. वर्षातून दोनदा छाटणी पण पीक एकदाच. म्हणजे फळ वाढतं हिवाळ्यात, मण्यात पाणी उतरतं (म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागतो) डिसेंबर-जानेवारीत आणि तोडणी जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरमध्ये असते, आमची बरोबर उलट्या टोकाला.

आता निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेलच, दर हिवाळ्यात पेपरात येतं राज्यात सर्वात कमी तापमान निफाडला, कधी कधी पाच अंशाच्याही खाली. दुपारी मात्र तीसच्या जवळ ऊन. दिवसा साखर भरते अन् रात्री गारठ्यामुळे आंबटपणा मण्यातच राहतो. काका म्हणतात तो ताठपणा जो काही शिल्लक आहे तो या रात्रींचा आहे. तोडणी पहाटे अंधारात सुरू करतात, कपाळावर बॅटरी बांधून, सूर्य वर यायच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत, ऊन लागलेला माल मोठा केमिस्ट पण सुधारू शकत नाही असं बाबा म्हणायचे.

आणि खायचं द्राक्ष अन् वाइनचं द्राक्ष यात जमीनअस्मान आहे. शिराझचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, बी मोठं, खाल्लं तर गोड लागतं पण चावायला मजा नाही. रंग सगळा सालीत, रस तर पांढराच असतो. म्हणूनच रेड करताना रस सालीसकट आंबवतात, साली फुगून वर येतात, त्या दिवसातून दोन-तीनदा खाली दाबाव्या लागतात नाहीतर रंगही येत नाही अन् वरची साय सुकून वास मारते. व्हाइटला साली आधीच काढून टाकतात.

बे_एकबे
ताई लय भारी. म्या आजवर समजत होतो की लाल द्राक्षाचा रस लालच असते.

प्रयोगशाळा_बाई
मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मिरीच्या वासावर राहवत नाही म्हणून लिहिते.

शिराझमधला मिरीचा वास ही कविकल्पना नाही. रोटनडोन नावाचं संयुग आहे, ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि आपल्या काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराझमध्ये ओळखलं. गंमत अशी की ते अगदी सूक्ष्म प्रमाणात असलं तरी नाकाला कळतं, पण सगळ्यांच्या नाही. साधारण पाचातल्या एका माणसाला ते कितीही असलं तरी जाणवत नाही. त्यामुळे शनिवारी टेबलावर एक जण म्हणेल वा काय मिरी आहे अन् दुसरा म्हणेल मला तर काहीच येत नाही, तर दोघंही खरं बोलत असतील. भांडू नका.

आणि थंड जागेत पिकलेल्या फळात हे जास्त असतं, तापलेल्या जागेत कमी. त्यामुळे रामदासपेठी काकांच्या ऱ्होनमध्ये मिरी ठसठशीत असणार आणि नाशिकच्या साध्या बाटलीत काळं जांभूळ, आलुबुखार जास्त आणि मिरी मागे. पण थंडीच्या रात्री चांगल्या मिळालेल्या बागेची असेल तर मिरी येते. सावजीत मिरी ढीगभर असते, तो धागा आपोआप जुळतो.

इतवारीचा_खवय्या
मंजे आपल्या मसाल्यात जे आहे तेच बाटलीत पण आहे. मंग तर जमलंच पाह्यजे.

रामदासपेठी
जमलंच पाहिजे हे रसायनशास्त्रात ठीक, जिभेवर वेगळं असतं. सावजीचा प्रॉब्लेम मिरी नाही, लाल मिरची आहे. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, बाई सांगतील ते का.

प्रयोगशाळा_बाई
हो, तोंडात उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, मिरचीतलं कॅप्सायसिन त्यालाच जाऊन चिकटतं, म्हणून तिखट "गरम" लागतं. अल्कोहोल त्याच ग्राहकाला अजून चिडवतं. त्यात रेडमधले टॅनिन, म्हणजे साली-बियांतून येणारी तुरट द्रव्यं, तोंड कोरडं करतात, तिखटाने आधीच पोळलेल्या तोंडाला ते आणखी खरखरीत लागतात. म्हणून टॅनिन कमी, अल्कोहोल बेताचं आणि फळ जास्त, अशी वाइन तिखटाला बरी. शिवाय थंड केलेली.

पण दुसरी बाजू पण आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतात म्हणून तोंड आखडतं. समोर मटण आणि चरबी असेल तर ते तिकडे गुंततात आणि वाइन मऊ लागते. सावजीच्या तर्रीत तेल किती असतं ते मी सांगायला नको. सुमितला रिसेप्शनमध्ये जी तुरट वाटली ती बहुतेक रिकाम्या पोटी, उभ्याउभ्या, शेंगदाण्यासोबत प्यायलेली असणार.

खामल्याचा_सुमित
शेंगदाणे नव्हते, पनीर टिक्का होता. बाकी बरोबर 😄

निफाडची_लेक
थंड करण्यावर सगळ्यांना हात जोडून सांगते. रेड वाइन "रूम टेंपरेचरला" प्यायची असं जे वाचता ना ते युरोपातल्या दगडी घरांचं रूम आहे, सोळा ते अठरा अंश. आपल्या खामल्याच्या मे महिन्यातल्या खोलीचं नाही. नागपुरात कूलर लावलेल्या खोलीत पण पस्तीस असतं. त्या तापमानाला कुठलीही रेड गोड औषधासारखी अन् अल्कोहोलचा भपका मारणारी लागते, मग लोक म्हणतात नाशिकची वाइन वाईट. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवायची, सावजीसोबत घ्यायची असेल तर जरा जास्तच गार, चौदा-पंधरा. ग्लासात ओतल्यावर ती आपोआप वर येते.

चंद्रपूरकर
तुम्ही नागपूरवाले नशीबवान. आमच्याकडे २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हा माझ्या कपाटातली शिराझची बाटली कायद्याच्या दृष्टीने बॉम्ब होती. आणि उन्हाची गोष्ट निघाली तर चंद्रपूरचा उन्हाळा विसरू नका, तुमचं ४५ म्हणजे आमचा सकाळचा वॉक.

बे_एकबे
वर्धेवाल्यायले विचारा, ते तर १९७० च्या दशकापासून कोरडे आहेत. तिथून बस मध्ये बसून नागपुरात येणाऱ्यायच्या डोळ्यात जी चमक असते ना, कोणत्या वाइनमध्ये नाही.

दक्षिण_नागपूर_तात्या
वाइन विषय निघाला म्हणून सांगतो, २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचं ठरवलं होतं, हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानात. काय गोंधळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. शेतकऱ्यांच्या नावाने आणलेली ती योजना, पण विदर्भातल्या शेतकऱ्याला तिच्यातून काय मिळणार होतं? संत्र्याला कोण

अ‍ॅडमिन
तात्या, राजकारणाचा धागा वेगळा आहे, तिकडे लिहा. उरलेला मजकूर काढलाय.

निफाडची_लेक
तात्यांचा प्रश्न राजकारणाचा धरला तरी त्यात एक खरी गोष्ट आहे म्हणून थोडं लिहिते, अ‍ॅडमिनदादा चालवून घ्या.

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले, त्याच सुमारास नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली होती आणि सगळ्यांना वाटलं आता वाइन द्राक्ष लावलं की झालं. आमच्या गावात पण कितीतरी जणांनी चांगल्या थॉमसनच्या बागा काढून वाइन द्राक्ष लावलं. मग २००८ मध्ये मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली आणि वायनऱ्यांनी माल उचलणं बंद केलं. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही, कोण खाणार ते बियांचं बारीक द्राक्ष. लोकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने काढल्या. आमचे दोन एकर त्यातच गेले.

त्यानंतर जे शेतकरी अन् ज्या वायनऱ्या टिकल्या त्यांनी उतारा कमी ठेवायला शिकलं. खायच्या द्राक्षाला वेलावर घड किती लागले याचा अभिमान, वाइनला उलटं, घड काढून टाकायचे म्हणजे उरलेल्यांत रस घट्ट होतो. शेतकऱ्याच्या मनाला हे फार जड जातं, हातचा माल जमिनीवर टाकायचा. नाशिकची आजची शिराझ वीस वर्षांपूर्वीच्या शिराझपेक्षा चांगली आहे ती माझ्या मते यामुळे, नवीन मशिनरीमुळे नंतर.

काका, तुम्ही शेवटची कधी प्यायलात?

रामदासपेठी
ताई, प्रश्न बरोबर ठिकाणी मारलात. बरीच वर्षं झाली असतील. तेव्हाच्या बाटल्यांत मला हिरव्या सिमला मिरचीचा वास यायचा, विशेषतः काबर्ने हे दुसरं लाल द्राक्ष असलेल्यांत. तो वास अर्धकच्च्या फळाचा असतो. पावसाला घाबरून किंवा उन्हाला घाबरून लवकर तोडणी केली की साखर आलेली असते पण साल अन् बी पिकलेली नसते.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा होता. मला एखाद्या वाइनमध्ये जागा ओळखू आली पाहिजे. इटलीची कियांती प्यायलो की तिच्यातल्या सांजोवेझे द्राक्षाची ती आंबट चेरी अन् टोमॅटोच्या पानाचा वास येतो, डोळे मिटून टस्कनी सांगता येतं. नाशिकची म्हणून काय खूण आहे?

निफाडची_लेक
खूण आहे की. तुम्हाला सांजोवेझे आवडते तर अकलूजच्या फ्रातेली वायनरीची घ्या, सोलापूर जिल्ह्यात लावलेली सांजोवेझे आहे, आणि त्यांची सेत्ते म्हणून वरची बाटली त्यात काबर्ने मिसळून करतात. ती टस्कनीसारखी लागत नाही, माणदेशाच्या त्या कोरड्या पट्ट्यातली लागते, फळ गडद, चेरी जरा शिजलेली.

नाशिकच्या शिराझची खूण माझ्यासाठी तीन गोष्टी एकत्र आल्या की. पिकलेलं जांभूळ, म्हणजे आपलं झाडाखाली पडलेलं, जीभ जांभळी करणारं. त्याच्यामागे थोडी मिरी. आणि शेवटी एक मातकट, तापलेल्या मुरमासारखा सूर, सह्याद्रीचा बसाल्ट फुटून झालेली जमीन आहे ती. ऑस्ट्रेलियाच्या बारोसाची शिराझ याच्यापेक्षा जाड असते, मुरंब्यासारखी, आणि अल्कोहोल पण जास्त. ऱ्होनची याच्यापेक्षा ताठ. आमची दोघींच्या मध्ये बसते अन् मऊ असते, लवकर प्यायची असते, दहा वर्षं तळघरात ठेवायची नाही. मातीचा वास वाइनमध्ये थेट उतरतो का यावर बाई माझा कान पकडतील, पण मला येतो.

प्रयोगशाळा_बाई
पकडणार होते 🙂 खडकातले खनिज थेट चवीत उतरत नाहीत, पण जमीन पाणी किती धरते, मुळं किती खोल जातात, यावर फळ बदलतं. वास तुम्हाला येतो हे खरं, कारण वेगळं असेल इतकंच.

सीताबर्डी_स्टुडंट
ओक म्हणजे काय असतं? रिझर्वच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. आणि मी २१ चा आहे, विचारायच्या आधीच सांगतो.

रामदासपेठी
ओक म्हणजे त्या लाकडाच्या पिंपात वाइन काही महिने ठेवतात. पिंप आतून भाजलेलं असतं, त्याची चव उतरते. अमेरिकन ओक असेल तर खोबरं, व्हॅनिलाकडे झुकते, फ्रेंच असेल तर लवंग, भाजका वास. शिवाय लाकडातून जरा जरा हवा लागते आणि टॅनिन मऊ पडतात. सुमितचा मेहुणा रिझर्व आणतोय त्यात हे असणार. सावजीसोबत मी ती उघडणार नाही. लाकडाचा वास, दगडफूल, भाजलेलं खोबरं, खसखस, सगळं एकदम बोलायला लागेल अन् कुणाचंच ऐकू येणार नाही.

इतवारीचा_खवय्या
दगडफुलाचं नाव घेतलं काकांनी, मंजे काका आपले आहेत. सावजीत लोकांले वाटते नुसतं तिखट असते. तसं नाही बाप्पा. आमच्याकडे कोष्टी मोहल्ल्यात जुन्या बाया जवसाच्या तेलात करत होत्या, मसाला आधी कोरडा भाजून मग पाट्यावर वाटून, त्याचा जो काळपट रंग येते अन् तो जो धुराचा वास येते तो तिखटाच्या मागे असतो. तिखट कमी करून, मंजे घरचं मध्यम केलं, तर तो वास नीट कळते. सुमितभाऊ, शनिवारी तर्री अर्धी काढून ठेवा बाजूला, ज्याले पाह्यजे त्यानं वरून घ्यावी. वाइनवाल्यायले सुकं मटण अन् कलेजी द्या आधी.

खामल्याचा_सुमित
हे भारी आहे. दोन ताटं, दोन तिखट. बाकी एक, इथल्या एका दुकानात मागे वाइन घ्यायला गेलो तर बाटल्या उन्हात काचेला लावून उभ्या ठेवल्या होत्या, शोसाठी. घेतली ती उघडल्यावर शिजवलेल्या मनुकांसारखी लागली. ते काय होतं?

निफाडची_लेक
शिजलेलीच होती ती. नागपुरात वाइन घेताना लेबलच्या आधी दुकान बघायचं. एसी चालू आहे का, दुपारी लाइट गेली की शटर पाडून तशीच तापतात का, बाटली हातात घेऊन बघा गार आहे की कोमट. बूच असलेल्या बाटलीचं बूच जरा वर आलेलं दिसलं किंवा गळ्याला चिकट ओघळ दिसला की परत ठेवा. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना आता स्क्रूकॅप असते, त्याला लोक हलकं समजतात पण आपल्या हवेत ते बरं, बूच वाळायची भीती नाही. घरी फ्रीजच्या वर ठेवू नका, तिथे सगळ्यात गरम असतं. दिवाणाच्या खाली आडवी, किंवा उन्हाळ्यात सरळ फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात.

समृद्धीचा_पाहुणा
त्यापेक्षा तिकडेच जाऊन घ्या ना. समृद्धी झाल्यापासून आम्ही दिवाळीनंतर नाशिकला जातो, पहाटे निघालं की जेवायच्या वेळेला शिर्डीच्या आसपास. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनऱ्या आहेत, यॉर्क आहे, सुला आहे, आणि निफाडकडे कुंदेवाडीला रेव्हेलो, त्यांनी तर सिसिलीची नेरो दावोला ही द्राक्षाची जात लावलीय. फेब्रुवारीत गेलात तर तोडणी बघायला मिळते. गर्दी मात्र शनिवार-रविवार सहन होत नाही, डीजे अन् सेल्फी, वाइन राहते बाजूला. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. येताना बाटल्या डिकीत ठेवू नका, एसी लागतो तिथे पायाशी ठेवा. आणि जो चालवणार तो चाखणार नाही, थुंकायचं भांडं असतं तिथे, लाजू नका.

बे_एकबे
पैसे देऊन थुंकायची, हे आपल्याले जमणार नाही.

खामल्याचा_सुमित
रिपोर्ट देतो, कालच झालं.

साधी शिराझ फ्रीजमध्ये गार करून आधी सुक्या मटणासोबत आणि कलेजीसोबत दिली. खरंच टरबूजासारखी पटकन संपली. मिरीचा वास मला आला, बायकोला आला, मेहुण्याला अजिबात आला नाही, म्हणजे जो एवढं बोलत होता तोच त्या पाचातला एक निघाला, त्याला बाईंची पोस्ट वाचून दाखवली. मग तर्री वाढली. तर्रीसोबत पहिला घोट चांगला, दुसरा पण, तिसऱ्याला आग व्हायला लागली आणि वाइनची चव गेलीच, नुसतं ओलं काहीतरी. तिथे मठ्ठा जिंकला, बे_एकबे साहेबांना मान्य करतो. वडीलधाऱ्यांनी वाइनला हात लावला नाही पण वासावर खूप चर्चा केली.

रिझर्व शेवटी उघडली, ताटं उचलल्यावर, गप्पांमध्ये. काका बरोबर होते, जेवणात ती गेली असती. नुसती प्यायल्यावर मात्र मला त्या दोघींमध्ये तीच जास्त आवडली, खोबऱ्याचा वास स्पष्ट येत होता. सोबत संत्रा बर्फी होती टेबलावर, ती खाऊन घोट घेतला तर वाइन एकदम आंबट लागली, ते करू नका.

रामदासपेठी
गोडासोबत कोरडी रेड कधीच नाही. बाकी रिपोर्ट आवडला. तुमचा अनुभव वाचून आज मीही एक नाशिकची शिराझ आणली, हिवाळ्यातल्या वांग्याच्या भरतासोबत घेतली, कांदा अन् सांबार (कोथिंबीर) वरून, ज्वारीची भाकर. सिमला मिरचीचा वास नव्हता. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि वाइनमधली मिरी नीट बसले, मटणापेक्षाही बरे बसले असं म्हणेन. मार्क मी तीन कापतो, पाच नाही. अजूनही घोट संपताना ती लवकर संपते, मागे रेंगाळत नाही, ती तक्रार कायम.

निफाडची_लेक
तीन चालतील काका. रेंगाळणारी पाहिजे तर वरच्या किमतीच्या बाटलीकडे या, सुलाची रासा किंवा यॉर्कची आरोस बघा, आणि ग्लासात अर्धा तास उघडी राहू द्या. भरताचं सुचलं नव्हतं मला, इतकी वर्षं नागपुरात असून.

सीताबर्डी_स्टुडंट
उरलेली अर्धी बाटली किती दिवस टिकते? रूममेटने अर्धी ठेवलीय, झाकण लावून, टेबलावर, मंगळवारपासून.

प्रयोगशाळा_बाई
टेबलावर नाही, फ्रीजमध्ये ठेवायची, उभी, म्हणजे हवेला पृष्ठभाग कमी लागतो. तीन-चार दिवस बरी राहते. अर्धी राहिली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीत तर अजून दोन दिवस. मंगळवारपासून नागपूरच्या हवेत बाहेर असेल तर चाखून बघा, पण मला वाटतं ती आता मटण मुरवायच्या कामाची.

इतवारीचा_खवय्या
सावजी मटणाले वाइनमध्ये मुरवू नका कोणी. सांगून ठेवतो.